कानामागचं हाड

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. साष्टांग घालायला खोलीत जागा नाही, सगळीकडे खोकी पसरलीत, तेव्हा उभ्याउभ्याच घे.

वहिनीकडून तुझा निरोप मिळाला, ‘फोन नको, पत्र लिही म्हणावं.’ बरं. मेसेज केला तर तुझं उत्तर एका शब्दात येतं, म्हणून कागदच घेतला. फोन मी आता करणारही नाही. का ते तुला ठाऊक आहे, आणि त्यावर मला लिहायचं नाही.

लिहायचंय ते विजेबद्दल. जागा मिळाली. दोन खोल्या, खाली घरमालकीणबाई, वर मी. हॉस्पिटल पायी जाण्याएवढं जवळ, त्यामुळे लॉण्ड्रीतली नोकरी सोपी झाली. तिथे रोज डोंगराएवढ्या चादरी येतात. दोन मोठी धुलाई यंत्रं, एक ड्रायर आणि वाफेवरची, रुळांची एक अगडबंब इस्त्री, तिला आम्ही म्हैस म्हणतो. दिवसभर फुसफुसत असते.

तर घरातला फ्रिज मालकीणबाईंचा, बाबा आदमच्या काळातला. हात लावला की बोटांना मुंग्या येतात, अनवाणी असले तर जास्तच. बाईंना सांगितलं तर म्हणतात, “अगं, जुना झालाय, थोडा चावतो. आम्ही हँडलला फडकं बांधायचो.” ते फडकं अजून आहे.

फेज, न्यूट्रल, अर्थ हे शब्द तुझ्या तोंडून लहानपणापासून ऐकलेत, पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बटण दाबायचं, आणि दिवा लागला नाही तर दादाला हाक मारायची, एवढंच माझं विजेचं शिक्षण. आता हाकेच्या अंतरावर दादा नाही. एकटं राहायचं ठरवलंय तर हे शिकायलाच हवं. लिहून कळव.

पिटुकलीला पापा. पहिलीत गेल्यापासून शाळेत रडते की नाही?

तुझी फ्यूज
(अजून उडालेली नाही)


११ फेब्रुवारी

फ्यूजबाई,

हे पत्र खाली ठेव. फ्रिजचं बटण बंद कर, प्लग काढ, आणि मगच पुढचं वाच.

काढलास? आता सांगतो. फेज म्हणजे वीज घेऊन येणारी तार, न्यूट्रल म्हणजे तिला परत नेणारी. येणंजाणं सुरळीत आहे तोवर संसार ठीक. तिसरी अर्थिंगची. ती म्हणजे माहेरची वाट समज. एरवी तिच्यावरून कोणी जात नाही. पण आत काही बिघडलं, एखादी वायर घासली आणि वीज फ्रिजच्या पत्र्यात उतरली, की तिला सुखरूप जमिनीत पोचवायला ती वाट लागते. तुझ्या फ्रिजला ती वाटच नसणार. मग वीज जाईल कुठून? तुझ्या अंगातून. ‘चावतो’ म्हणे! कुत्रं आहे का ते?

लायसन्स असलेला वायरमन बोलाव. स्वतः काही उघडू नकोस. तो टेस्टर लावेल तेव्हा शेजारी उभी राहा आणि बघ. व्होल्ट म्हणजे टाकी किती उंचावर आहे ते, अँपिअर म्हणजे नळातून पाणी किती वाहतंय ते, आणि वॉट म्हणजे त्या पाण्यानं किती काम झालं ते. एवढं डोक्यात ठेवलंस तर कोणी तुला गंडवणार नाही.

आमचं पुठ्ठ्याच्या कारखान्यातलं गाडं चालू आहे. परवा मोठ्या पंख्याची मोटार गरम होत होती. लांबू (आमचा इलेक्ट्रिशियन, माझा जोडीदार) म्हणाला आतलं तारांचं वाइंडिंग गेलं. मी म्हटलं थांब. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडावर दाबली, आणि ऐकलं. आतल्या गोळ्या दळण दळल्यासारख्या घरघरत होत्या. बेअरिंग बदललं, मोटार गार. बेअरिंगं आताशा माझ्याशी फार स्पष्ट बोलतात. माणसंच काय ती पुटपुटतात. तुझी वहिनी उलट मलाच म्हणते, ‘तुम्ही पुटपुटता, जरा मोठ्यानं बोला.’ मला तर माझा आवाज चांगला दणदणीत वाटतो.

पिटुकली शाळेत रडत नाही, बाकीच्यांना रडवते असं कळतं.

तुझं बरं चाललंय हे वाचून बरं वाटलं.

दादा


२३ फेब्रुवारी

दादा,

वायरमन आणला. लायसन्स दाखवा म्हटलं तर आधी हसला, मग दाखवलं. फ्रिजच्या पत्र्याला टेस्टर लावला आणि टेस्टरमधला दिवा लागला, तेव्हा त्याचं हसू मावळलं. सॉकेटचं वरचं मोठं भोक नुसतं शोभेचं होतं, मागे तारच नव्हती. त्यानं खाली अंगणात खड्डा घेऊन अर्थिंग केलं, तार वर आणली आणि फ्रिजच्या मोटारीपाशी घासलेली वायर बदलली. मालकीणबाई खड्ड्याकडे बघत “माझी झाडं गेली, माझी झाडं गेली” करत होत्या. काम झाल्यावर मी त्यांचा हात धरून फ्रिजला लावला. बाई कितीतरी वेळ दारावर हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, “इतकी वर्षं याला कधी असा हात लावला नव्हता गं.” फडकं त्यांनी स्वतः सोडलं.

आणखी एक. गीझर चालू असताना इस्त्री लावली की मीटरच्या पेटीतला एमसीबीचा खटका पडतो. मी कागदावर मांडलं. गीझर दोन हजार वॉट, इस्त्री हजार, भागिले दोनशे तीस, तेरा अँपिअर. एमसीबी दहाचा. मोठा बसवून टाकू का, म्हणून विचारलं. वायरमन म्हणाला, “ताई, वायर बारीक आहे. एमसीबी पडणार नाही, मग वायर जळेल.” तेव्हा आधी अंघोळ, मग इस्त्री.

इथवर लिहून पत्र मिटणार होते. पण गेले कितीक दिवस तुझं ते एक वाक्य मला टोचतंय. माहेरची वाट म्हणे! दादा, तुला लिहिताना काहीच वाटलं नाही?

सासरच्या त्या घरातून निघाले तेव्हा दोन बॅगा घेऊन मी बसस्टॉपवर उभी होते. सगळं मागे सोडून आले होते. पहिला फोन तुला केला. मी विचारलं, “दादा, मी निघालेय. थोडे दिवस तुझ्याकडे आले तर तुला अडचण होईल का रे?” तू म्हणालास, “हो, हो.” मला वाटलं माझीच चूक झाली ऐकण्यात. परत विचारलं, “खरंच अडचण होईल?” तू म्हणालास, “हो हो, बरं, ठेवतो.”

त्यानंतर पंधरवडाभर मी आमच्या लॉण्ड्रीतल्या एका बाईच्या खोलीत जमिनीवर झोपले. ती माझी कोणी लागत नाही. तिला अडचण झाली नाही.

मला ठाऊक आहे तुझं घर लहान आहे. ‘जागा नाही’ म्हणाला असतास तरी मी समजून घेतलं असतं. पण तू ज्या सहजपणे म्हणालास ना, जसं काही मी दूधवाला आलाय का विचारतेय!

आता मात्र उडालेय.

फ्यूज


९ मार्च

वन्सं,

वन्सं म्हणते खरी, पण तू मला धाकट्या बहिणीसारखीच, म्हणून सरळ लिहिते. आधी सांगते, घाबरू नकोस. ह्यांचा हात शाबूत आहे. डाव्या हाताच्या दोन बोटांना प्लास्टर आहे, एक नख गेलंय. आता काय झालं ते वाच.

परवा कारखान्याला दुरुस्तीसाठी सुट्टी होती. सगळी मशीनं बंद, चिडीचूप. हे पुलीवर नवा पट्टा चढवत होते आणि लांबूभावजी मागे पॅनेलपाशी. पट्टा बसला. चाचणीसाठी फ्यूज परत घातले. भावजींनी मागून विचारलं, “हात काढलास? देऊ लाइन?” हे म्हणाले, “हो, हो.” भावजींनी बटण दाबलं. हे अजून वाकलेलेच होते. भावजींना ह्यांचा खांदा दिसला, त्यांनी थांबवायचं लाल बटण मारलं म्हणून बोटांवर निभावलं.

भावजी आमच्याकडे आले आणि दारातच रडायला लागले. “वहिनी, मी दोनदा विचारलं हो! दोनदा हो म्हणाला!”

त्या ‘दोनदा’वर मी थबकले. कारण तुझं पत्र मी वाचलं होतं. ह्यांनीच टेबलावर उघडं टाकलं होतं. ते वाचल्यापासून हे जेवताना मान वर करत नव्हते. मी विचारलं, “असं बोललात तुम्ही तिला?” तर म्हणाले, “मला आठवत नाही.” मी फार भांडले. माझ्या नणंदेला दारातून परत पाठवलंत, म्हणून भांडले. तुला सांगते, तू यायचं विचारतेयस हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर मी बॅगा घ्यायला स्टॉपवर आले असते.

आणि मग भावजी ‘दोनदा’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हे चहा पीत बसले होते. पंखा बंद, रेडिओ बंद. मी पाठीमागे उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, “घराला आग लागलीय.” हे म्हणाले, “हो, हो.” आणि बशीत चहा ओतला.

मी भिंतीला टेकून खालीच बसले. हसू की रडू कळेना.

पण एक कोडं सुटत नाही. मशीनं धडधडत असतात तेव्हा ह्यांना सगळं ऐकू येतं! भावजी शपथेवर सांगतात, “गोंगाटात याला आमच्यापेक्षा बरं ऐकू येतं.” मग घरातच कसं येत नाही? मी तर इतके दिवस समजत होते की कारखान्यात सगळ्यांचं ऐकतात, बायकोचं तेवढं ऐकायचं नाही. सोंग करतात का गं? पण सोंग करून कोणी स्वतःची बोटं पट्ट्यात घालत नाही.

तू रागावलेली आहेस. तरी दोन ओळी लिही.

वहिनी


१५ मार्च

प्रिय फ्यूज,

वहिनीनं तुला सगळं कळवलंय असं म्हणते. तरी मी सांगायला हवं.

मला ऐकू येत नाही. आधी उजव्या कानानं कमी झालं, मग डाव्यानं. हळूहळू झालं त्यामुळे लपवायलाही वेळ मिळाला. समोरच्याच्या ओठांकडे बघायचं, हसला की हसायचं, आणि काहीच कळलं नाही तर हो म्हणायचं. हो म्हटलं की माणसं पुन्हा विचारत नाहीत. फोनवर ओठ दिसत नाहीत, म्हणून तुला पत्र लिहायला सांगितलं. त्या दिवशीच्या फोनचं मला एवढंच कळलं होतं की तू आहेस आणि बाहेर कुठेतरी आहेस. मला वाटलं खुशाली विचारतेयस.

तू काय विचारलं होतंस, ते मला तुझ्या पत्रात पहिल्यांदा कळलं. वाचून मी मोरीत जाऊन नळ सोडून बसलो. वहिनीला तेव्हा सांगता आलं नाही. ‘आठवत नाही’ म्हणालो. ऐकूच आलं नाही असं म्हटलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

पुढचं म्हणजे हे. बहिऱ्या फिटरला मशीनजवळ कोण ठेवेल? स्टोअरच्या खिडकीत बसवतील, नट-बोल्ट मोजून द्यायला. आमच्याकडे पूर्वी घणाच्या कामावर एक मिस्त्री होते. आवाजानं त्यांच्या कानाच्या नसा मेल्या. किती डॉक्टर केले, सगळे म्हणाले मेलेली नस जिवंत होत नाही. ते शेवटी स्टोअरमध्येच होते. कोणी हाक मारली तरी खिडकीबाहेर बघत बसायचे. माझंही तेच झालं असणार, मग डॉक्टरकडे जाऊन काय ऐकायचं? (जायचं आणि काय ऐकायचं! बघ.)

पण पट्टा फिरला तेव्हा कळलं, हे माझ्या एकट्याचं नाही. माझ्या जागी लांबूचा हात आत असता आणि बटणापाशी मी असतो तर? प्लास्टर बांधलेल्या हातानं काल साहेबांकडे गेलो आणि सांगून टाकलं. ते बराच वेळ बोलले. मला अर्धंच समजलं. पुढच्या महिन्यापासून स्टोअर.

माझी मशीनं मात्र मला ऐकू येतात गं. काल निरोप घेतल्यासारखा सगळ्या बेअरिंगांना स्क्रू-ड्रायव्हर लावून फिरलो. एकूण एक स्वच्छ ऐकू आलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर बाकी आहे. नाही. अडचण होणार नाही. तेव्हा झाली नसती, आज होणार नाही, कधी होणार नाही.

दादा


२७ मार्च

दादा,

तुझं पत्र वाचून मी लॉण्ड्रीत चादरींच्या ढिगामागे जाऊन मनसोक्त रडले. तोंड पुसायला चादरी हव्या तेवढ्या होत्या. आता त्यावर नंतर. आधी हे वाच, आणि वहिनीला मोठ्यानं वाचून दाखव.

काल कान-नाक-घशाच्या विभागात धुतलेल्या चादरी पोचवायला गेले. डॉक्टरबाई एका म्हाताऱ्या गृहस्थांना तपासत होत्या. त्यांच्या हातात स्टीलचा एक चिमटा होता, दोन टोकांचा. तो त्यांनी तळहातावर आपटला, तो झंकारला. आधी कानासमोर धरला. आजोबांनी मान हलवली, नाही. मग त्याचा दांडा त्यांनी कानामागच्या हाडावर टेकवला. आजोबा म्हणाले, “आता येतंय की!”

माझ्या हातातला गठ्ठा खाली पडला.

पेशंट जाईपर्यंत मी दारातच उभी. बाई म्हणाल्या, “काय हवंय?” मी म्हटलं, “माझा भाऊ फिटर आहे. त्याला माणसांचं ऐकू येत नाही, पण स्क्रू-ड्रायव्हर कानामागे लावला की मोटारीतलं बेअरिंग ऐकू येतं.”

त्या चष्मा काढून माझ्याकडे बघायला लागल्या. म्हणाल्या, “गोंगाटात कसं ऐकू येतं?”

“सगळ्यांपेक्षा बरं.”

“आणि बोलतात कसे? हळू?”

“वहिनी म्हणते पुटपुटतो.”

दादा, बाई हसल्या! वाईट वाटून हसतात तसं नाही, काहीतरी सापडल्यासारखं. मग त्यांनी मला बसवून सांगितलं. आवाज कानात दोन वाटांनी जातो, एक हवेतून, एक हाडातून. नस दोन्हींना एकच. नस मेलेली असती तर हाडातूनही स्वच्छ ऐकू आलं नसतं. तुझी नस बहुधा जिवंत आहे, आवाज तिच्यापर्यंत पोचवणारं काहीतरी अडकलंय. गोंगाटात तुला बरं ऐकू येतं, कारण तिथे बाकीचे आपोआप ओरडून बोलतात आणि गोंगाट तुझ्या कानात त्यांच्याएवढा शिरतच नाही. स्वतःचा आवाज तुला हाडातून दणदणीत ऐकू येतो, म्हणून तू पुटपुटतोस. वहिनी, ऐकतेयस ना? सोंग नाही!

“बरं होईल?” मी विचारलं.

“तपासल्याशिवाय एक शब्द सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण आणा त्यांना. आणि स्क्रू-ड्रायव्हरनं ऐकणारा पेशंट मला बघायचाच आहे.”

दोनांतली मोठी खोली तुझ्यासाठी रिकामी करतेय. तुला यायला सांगत नाहीये, कळवतेय की तू येतोयस. मला अडचण होणार नाही.

फ्यूज
(नवीन घातलेली)


२१ एप्रिल

अगं,

पत्र मीच लिहितोय, म्हणजे जिवंत आहे हे कळलं असेल. बायकोला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. काय मायना घालायचा ते सुचेना, म्हणून ‘अगं’.

ऑपरेशन झालं. उजवा कान. बहिणीकडे पडून आहे. खोली गरगर फिरते, उठलो की भिंत धरावी लागते. ते कमी होईल म्हणतात. जिभेवर लोखंडाची चव आहे. डॉक्टरबाईंनी विचारलं, “त्रास होतो का?” मी म्हटलं, “उलट घरच्यासारखं वाटतं.”

आधीचं सांगतो. तपासणीत एका बंद खोलीत बसवून कानाला आवाज ऐकवले आणि कागदावर दोन रेघा काढल्या. हवेची रेघ खाली घसरलेली, हाडाची बरीच वर. बाईंनी मग चित्र काढून दाखवलं. पडद्यामागे तीन बारकी हाडं असतात, हातोडी, ऐरण आणि रिकीब. एक दुसऱ्याला ढकलतं, दुसरं तिसऱ्याला. मी म्हटलं, “बाई, ही तर लिव्हरची जोडणी आहे. हे आमच्याच खात्यातलं.” त्या म्हणाल्या, “बरोबर. तुमची शेवटची लिव्हर जॅम झालीय. तिच्या बुडाशी हाड वाढलंय.” तेल घालून सुटेल का, असं मी विचारलं. म्हणाल्या, “नाही. बदलावी लागेल. तिच्या जागी पिस्टन बसवते.”

गंमत नाही, त्याला पिस्टनच म्हणतात. तांदळाच्या दाण्याहून बारीक. आयुष्यभर दुसऱ्यांचे पिस्टन बदलले, आता माझ्या डोक्यात एक आहे.

बाईंनी काही लपवलं नाही. क्वचित असं होतं म्हणाल्या, की आहे ते ऐकणंही कायमचं जातं. सही करायच्या आधी मी फार वेळ पेन धरून बसलो. तुझी आठवण झाली. तू फोनवर बहिणीला म्हणाली होतीस ना, ‘ते ठरवतील तसं. मी खुणांनी भांडेन.’ तिनं लिहून दाखवलं. मग सही केली.

टेबलावर मी जागा होतो, कान तेवढा बधिर. खूप वेळ नुसती खुडबुड. मग एकदम ‘खण्ण!’ झालं. मी दचकलो. नर्सनं ट्रेमध्ये चिमटा टाकला होता. बाई खूप हळू, अगदी कुजबुजत म्हणाल्या, “ऐकू येतंय?”

मी हो म्हणालो. मग भीती वाटली, की यांना वाटेल हा नेहमीसारखाच हो म्हणतोय. म्हणून म्हटलं, “बाई, तुम्ही विचारलंत, ऐकू येतंय का.” त्या म्हणाल्या, “बास. हलू नका.”

नंतर कानात पट्टी कोंबली, त्यामुळे आता परत पहिल्यासारखाच दगड. पट्टी निघाली की कळेल. पण ते ‘खण्ण’ खरं होतं.

काल बहिणीला म्हटलं, “आता घरी चल. कायमची.” ती पाटीवर लिहिते, आमच्या दोघांत ती पिटुकलीची जुनी पाटी चालते. तिनं लिहिलं, ‘येईन. राहीन. भांडेन. पण परत येईन. हे घर माझं आहे.’ मग मला हाताला धरून तिनं मीटरची पेटी दाखवली. कुठला एमसीबी कुठला, ते तिनं प्रत्येकाखाली लिहून चिकटवलंय. सुबक. मी एकूण एक वाचलं.

जड उचलायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, असं आहे. पिटुकलीला सांग, बाबा लवकर येतो.

तुझाच


२ जून

प्रिय फ्यूज,

घरी आल्यापासून पत्र लिहायचं म्हणतोय, पण लिहायला शांतता कुठे आहे? या घरात किती आवाज आहेत! कुकर, चप्पल, वरच्या मजल्यावरची खुर्ची, खिडकीची कडी. पहिले दिवस तर कागद चुरगळला तरी कानात फटाका वाजल्यासारखं व्हायचं. आता बसलंय. उजव्या कानाची रेघ पुष्कळ वर आलीय, बाईंनी पाठवलेला कागद तू बघितलाच असशील. बारीक शीळ वाजत राहते, ती राहीलही म्हणाल्या. डाव्याचं वर्षानंतर बघू.

लॉण्ड्रीतली म्हैस तूच दुरुस्त केलीस, पट्टा ताणून, असं वहिनीला फोनवर सांगत होतीस. ते मी शेजारच्या खोलीतून ऐकलं. चोरून नाही, आपोआप. पट्टा फार ताणू नकोस. मधोमध अंगठ्यानं दाबला तर थोडा दबायला हवा, नाहीतर बेअरिंग खातो.

कामाचं असं झालं. स्टोअरमध्ये महिनाभर बसलो होतो, तो काही फुकट गेला नाही. खिडकीत बसून नुसता विचार करत होतो की त्या दिवशी एका तोंडी शब्दावर लाइन का दिली गेली? माझा कान चांगला असता तरी उद्या दुसऱ्या कुणाचा नसेल, किंवा कोणी भलत्याच प्रश्नाला हो म्हणेल. डॉक्टरबाईंचा कागद घेऊन साहेबांना भेटलो तेव्हा हेही बोललो. आता आमच्याकडे ज्याचा हात मशीनमध्ये, त्याचंच कुलूप स्विचवर आणि किल्ली त्याच्याच खिशात. चाचणीसुद्धा त्यानं बाहेर येऊन, स्वतःच्या हातानं कुलूप काढल्यावरच. लांबूनं पहिल्याच दिवशी माझ्या कुलपावर रंगानं माझं चित्र काढलं, दोन्ही कान हत्तीएवढे. आम्ही दोघं पुन्हा एकाच पाळीत आहोत.

पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाहीये.

काल कामावरून आलो. पायरीवर बूट काढत होतो. आत पिटुकली एकटीच खेळत होती, माझ्याकडे पाठ करून. ती मागे न वळता म्हणाली, “बाबा, थोडं ग्लीस दे ना. माझ्या गाडीचं चाक कुलकुल कलतंय.”

मी तसाच उभा राहिलो, एक बूट हातात.

फ्यूज, ती ‘र’ला ‘ल’ म्हणते. सहा वर्षांची झाली पोरगी, रोज माझ्या ताटात जेवते, आणि मला हे माहीत नव्हतं. ती माझ्यासमोर येऊन मोठ्यानं बोलायची, मी ओठ बघायचो. ओठांवर काय कळणार ‘र’ आणि ‘ल’?

मी तिच्याशेजारी बसलो. बोटावर थोडं ग्रीस घेऊन चाकाच्या दांड्याला लावलं. म्हटलं, “आता फिरव.” तिनं फिरवलं, चाकाला कान लावला आणि म्हणाली, “बलोबल झालं.”

वहिनीला विचारलं, “ही अशी कधीपासून बोलते?” ती म्हणाली, “बोलायला लागली तेव्हापासून. शाळेतल्या बाई म्हणतात, सवय मोडायला हवी. उच्चार शिकवणाऱ्या एक बाई आहेत, सोमवारपासून नेणार आहे तिला.”

न्यायला तर हवंच. शाळेत मुलं हसत असतील. मी काही आडवा येणार नाही.

फक्त म्हटलं, या सोमवारी नको, पुढच्या महिन्यापासून ने. मला अजून थोडे दिवस ऐकू दे.

दादा